चांगल्या पायाची उडी

उडी मारताना धनश्रीने चांगला पाय हातचा राखला. चुकून नव्हे, ठरवून.

हॉस्पिटलच्या फिजिओ विभागात जमिनीवर निळी मॅट अंथरलेली होती. बाजूला फिजिओथेरपिस्ट वृषाली मॅडम टेप घेऊन उकिडव्या बसल्या होत्या. आधी उजव्या पायाची, म्हणजे न दुखावलेल्या पायाची पाळी. एका पायावर उभं राहायचं, जमेल तेवढं लांब उडायचं आणि त्याच पायावर स्थिर उतरायचं. धनश्रीने गुडघा वाकवला, हात मागे नेले आणि ऐनवेळी रेटा अर्ध्यावर सोडून दिला. उडी जवळच पडली. दुसरी, तिसरीही तशीच. मग ऑपरेशन झालेल्या डाव्या पायाची पाळी आली. तेव्हा मात्र तिने दात आवळून होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं.

मॅडमनी टेपकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“आज उजवा पाय दमलाय का गं?”

“हो मॅडम. काल कॉलेजात लिफ्ट बंद होती. जिने चढून चढून...”

मॅडमनी टेपवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. धनश्रीच्या मानेवरून घामाचा ओघळ आत उतरला. मग मॅडम हसल्या. “चल, दोन्ही पाय जवळजवळ सारखे आले. ताकदीच्या मशीनवरही बरोबर आलीस. पास झालीस, धनश्री!” आणि स्वतःचीच पोर पास झाल्यासारखी त्यांनी तिची पाठ थोपटली. ती थाप धनश्रीला चटका बसावा तशी लागली.

धनश्री सुरतेतल्या पांडेसऱ्याची. वडील भटू एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापडाच्या मिलच्या, रंगखात्यात, आई प्रमिलाबाई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. माणसं मूळची धुळ्याकडची, पण धनश्रीचा जन्म सुरतेचाच. आईशी अहिराणी, कॉलेजात गुजराती आणि मैदानावर हिंदी, अशा तीन जिभा तिच्या तोंडात होत्या. कबड्डीत ती चढाईला जायची. विद्यापीठाच्या संघात गेल्या वर्षीच तिची निवड व्हायची होती, पण हिवाळ्यातल्या एका सामन्यात घात झाला. समोरच्या पोरीला हात लावून ती परत वळली. डावा पाय मॅटवर रुतला, अंग वळलं, गुडघा मात्र जागच्या जागी राहिला. आत काहीतरी टचकन तुटलं. तो आवाज बाकी कुणाला ऐकू गेला नाही. ती खाली पडली तेव्हा प्रेक्षक अजून टाळ्याच वाजवत होते.

गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण फाटलं होतं. ऑपरेशनमध्ये मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून तिथे बसवली. त्याच हॉस्पिटलात एक संशोधन चाललं होतं: असं ऑपरेशन झालेल्या खेळाडूला परत मैदानात सोडायचं ते कशावरून ठरवायचं? काहींना ठरावीक महिने उलटले आणि डॉक्टरांनी तपासलं की परवानगी मिळायची. काहींना तेवढे महिने थांबून शिवाय चाचण्या पास कराव्या लागायच्या. कोण कुठल्या गटात जाणार, हे कॉम्प्युटर ठरवायचा. वृषाली मॅडमनी आईवडिलांना समोर बसवून सगळं मराठीत समजावलं होतं. मधेच सोडायचं झालं तर केव्हाही सोडा, उपचार थांबणार नाहीत, हेही सांगितलं होतं. धनश्री चाचण्यांच्या गटात आली. “तरुण मुली घाई करून खेळायला गेल्या की पुन्हा फाटायची भीती जास्त असते,” मॅडम म्हणाल्या होत्या, “म्हणून तर हा सगळा खटाटोप.”

पहिली चाचणी श्रावणात झाली. खानदेशातल्या कानबाई देवीचं विसर्जन होऊन चार दिवसही झाले नव्हते. डावी उडी उजवीच्या मानाने फारच तोकडी पडली आणि धनश्री नापास झाली. बाहेरच्या बाकावर ती तोंड पाडून बसली, तेव्हा शेजारी निंबाकाका होते. ते कापड मार्केटात गाठोडी उचलायचे, टेम्पोवरून पडून त्यांचाही गुडघा गेला होता. माणूस बोलघेवडा.

“रडतेस काय पोरी? एका पायाला दुसऱ्या पायाशीच जोखतात ना? मग डाव्याला वर चढवता येत नसेल तर उजव्याला खाली उतरव! चांगल्या पायाला जरा आळशी कर, की झालं.”

असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसले. धनश्रीही हसली. पण ते बोलणं तिच्या डोक्यात घर करून बसलं. दसऱ्यानंतर विद्यापीठाच्या संघाची निवड होती. तीही हुकली तर कॉलेजचं शेवटचं वर्षच हातात उरणार होतं. घरी ती दारासमोरच्या ओट्यावर सराव करू लागली. आईला वाटायचं, पोर पायाचा व्यायाम करते आहे. आणि पोर चांगल्या पायाला कमी उडायला शिकवत होती.

तर अशी ती पास झाली. पेढे घेऊनच घरी आली. आईने कानबाईच्या फोटोसमोर दिवा लावला, वडिलांनी मिलमधल्या माणसांना फोन केले, संध्याकाळी शेवभाजी झाली. सगळे पोटभर जेवले. धनश्री ताटातली भाजी नुसती ढवळत बसली. इतके महिने तिला अडवायला कोणीतरी होतं. डॉक्टर होते, मॅडम होत्या, नापासाचा शिक्का होता. आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं. गुडघा अजून तयार नाही, हे अख्ख्या जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

त्या दिवसापासून तिचं सगळं लक्ष गुडघ्याकडे लागलं. जिना उतरताना ती कठड्याला धरू लागली. बसमधून उतरताना आधी उजवा पाय टाकू लागली. कोणी मागून हाक मारली की मान वळायची, अंग वळायचं नाही. गुडघ्यात बारीकसा कट् आवाज झाला की ती जागीच थांबायची. आंघोळ करताना ती दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून बघायची. डावा सुजला तर नाही? बोट दाबायची, पुन्हा दाबायची, आणि दाबून दाबूनच तो लाल व्हायचा. मग त्या लालीचीच भीती वाटायची.

नवरात्र आलं. गल्लीच्या तोंडाशी मांडव पडला. आरती झाली की गरब्याचे ढोल सुरू व्हायचे. मैत्रिणी चनियाचोळी घालून दारात उभ्या. “चाल ने, धनु! आता तर डॉक्टरांनी पण सोडलंय तुला!”

गरबा म्हणजे गिरकी. गिरकी म्हणजे पाय रुतवून अंग फिरवणं. धनश्रीने पोट दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी आईने हातातली साडी बाजूला ठेवली.

“पाय दुखस का तुना?”

“नाही गं आई.”

“मंग नाचाले काबर जात नही? डॉक्टरनी पास करी दिधं ना?”

“जाईन ना उद्या.”

प्रमिलाबाईंनी लेकीकडे रोखून पाहिलं. नववीत नापास झाली होती, तेव्हाही पोर अशीच जमिनीकडे बघत बोलत होती. “तू माले काहीतरी सांगत नही,” एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा खडे चिकटवू लागल्या. ढोल वाजत राहिले. धनश्री आत जाऊन पाण्याचा माठ उगीचच धुऊ लागली.

मैदानावरही लपणं सोपं नव्हतं. महेश सर तिचे कोच. तोंडाने फटकळ, पण पोरींसाठी जीव टाकणारा माणूस. पहिले दोन दिवस त्यांनी तिला हलकं खेळवलं. तिसऱ्या दिवशी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

“धनश्री, तू प्रत्येक वेळी उजवीकडूनच का वळतेस?”

“सवय मोडलीय सर.”

“मग पाड नवी. निवड करणारे आंधळे नसतात. दोन चढाया बघतील आणि तिसऱ्या चढाईला तुझ्या डाव्या बाजूला भिंत उभी करतील. चल, डावीकडून वळून दाखव.”

ती मॅटवर गेली. “कबड्डी, कबड्डी” तोंडातून निघत होतं. समोर चार पोरी हात पसरून उभ्या होत्या. हात लावला. आता वळायचं. डावा पाय टेकला, आणि तिथेच अंग गोठलं. पायाला काहीच झालं नव्हतं. दुखलंही नव्हतं. पण तो जुना टचकन आवाज कानात असा घुमला की ती वळायच्या ऐवजी उभीच राहिली. पोरींनी तिला अलगद धरून बाहेर नेलं. कुणीतरी हसलं.

“घाबरतेस कशाला?” सर ओरडले. “सर्टिफिकेट आहे ना तुझ्याकडे!”

मैदानाच्या कडेला रंजना बसली होती. पायाला पट्टा, मांडीवर पाण्याची बाटली. रंजना भेस्तानची, संघात बचावाला असायची. उन्हाळ्यात तिचंही लिगामेंट गेलं होतं. तीही त्याच हॉस्पिटलात, त्याच संशोधनात, चाचण्यांच्याच गटात होती. धनश्री येऊन तिच्या शेजारी टेकली.

“पहिले काही दिवस होतं असं,” रंजना समजुतीने म्हणाली. “तू तरी मॅटवर गेलीस. माझी चाचणी व्हायला अजून किती अवकाश आहे. मी तर आत्तापासूनच तयारीला लागलेय.”

“कसली तयारी?”

रंजनाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ते मार्केटवाले निंबाकाका भेटले होते बाकावर. म्हणाले, चांगला पाय आळशी करायचा. एका पोरीला सांगितलं, ती पास होऊन गेली म्हणे.” मग तिने धनश्रीकडे निरखून पाहिलं. “धनु, ती पोरगी तूच ना?”

धनश्रीने बॅगेची चेन उगीचच उघडली आणि लावली.

“मी? छे! मी का...”

“नाही ना? मग काका थापा मारत असतील.” रंजना विचारात पडली. मग खांदे उडवून म्हणाली, “पण युक्ती खरी आहे गं. मी करणार. वेळ आली की लगेच चाचणी देईन आणि थेट मैदानात. मॅडमना काय कळणार आहे?”

“नको करू.”

“का?”

“नको म्हणते ना!”

“अगं, पण का? तू तर खरं खेळून पास झालीस, तुला काय त्याचं!” रंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी मागे राहिले तर माझ्या जागी दुसरी येईल. घरचे तर वाटच बघताहेत. खेळ सुटला की स्थळं आणायला मोकळे.”

खरं सांगावं तर स्वतःची निवड बुडते. खोटं रेटावं तर ही पोर तशीच उडी मारणार, तशीच पास होणार आणि कच्चा गुडघा घेऊन मॅटवर उतरणार. बचाव करणारीला तर पाय रोवूनच उभं राहावं लागतं. धनश्रीच्या डोळ्यांपुढे मॅटवर पडलेली रंजना दिसली. भोवती लोक टाळ्या वाजवत आहेत, आणि आतलं तुटलेलं कुणालाच ऐकू आलेलं नाही. ती उठली, बॅग उचलली आणि कुणाला न सांगता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दसरा. हॉस्पिटल बंद. तो दिवस धनश्रीने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. वडिलांनी सायकलला झेंडूची माळ घातली, शेजारी आपट्याची पानं देऊन गेले, आईने पुरणपोळी केली. धनश्री सगळ्यांच्या पाया पडत राहिली आणि मनात एकच वाक्य जुळवत राहिली. कधी ते “मॅडम, माझी चूक झाली” असं व्हायचं, कधी “मॅडम, मला पुन्हा चाचणी द्यायचीय.” एकही वाक्य शेवटपर्यंत धड जाईना.

निवड दोन दिवसांवर होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसने हॉस्पिटलात गेली. वृषाली मॅडम एका आजोबांना भिंतीला धरून उठबस करायला शिकवत होत्या. धनश्री दारातच उभी राहिली. आजोबा गेले, तशी ती आत आली. जुळवलेली सगळी वाक्यं विसरली होती.

“मॅडम, मी उजव्या पायाने मुद्दाम कमी उडाले होते.”

मॅडम हातातला टॉवेल घडी करत होत्या. त्या थांबल्या. मग स्टूल ओढून बसल्या.

“खेळलीस त्यानंतर? गुडघा मुरगळला? सूज?”

“नाही. काही झालं नाही. पण मला वळताच येत नाही.”

मॅडमनी मोठा श्वास सोडला. आधी त्यांना गुडघ्याचीच काळजी वाटली, हे धनश्रीला कळलं, आणि तिला रडू कोसळलं. मॅडमनी रडू दिलं. पण आवाज काही मऊ केला नाही.

“मला राग आलाय, धनश्री. खोटं कशाला सांगू. हे आकडे तुझ्या एकटीचे नसतात. उद्या दुसऱ्या गावची एखादी मुलगी विचारेल, मी खेळू का? तेव्हा डॉक्टर हेच आकडे बघून तिला हो म्हणतील.” त्यांनी टॉवेलची घडी पुरी केली. “आणि राग माझा मलाही आलाय. मला त्या दिवशी शंका आली होती. उजवा पाय श्रावणात याहून लांब गेला होता, हे मला आठवत होतं. पण आपल्या भागातली मुलगी संघात जाणार, या आनंदात मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेव्हापासून रोज फोन हातात घेते आणि खाली ठेवते.”

“आता काय होणार?”

“आता मोठ्या डॉक्टरांना सांगावं लागेल. तो निकाल खोटा होता, असं संशोधनात स्पष्ट लिहावं लागेल. आणि तू बूट घाल. पुन्हा उडी मारायची.”

धनश्रीच्या मनात एक वेडी आशा होती. न जाणो, इतक्या दिवसांत डावा पाय खरंच भरून निघाला असेल! उजव्या पायाने ती या वेळी जीव खाऊन उडाली. मग डाव्या. टेप बघायचीही गरज नव्हती. फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. मॅडमनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तिला दाखवला. उतरताना डावा गुडघा आतल्या बाजूला कलंडत होता.

“हा गुडघा घेऊन तू त्या पोरींच्या तावडीत जाणार होतीस,” मॅडम म्हणाल्या.

महेश सरांना सांगणं त्याहून अवघड गेलं. ते एकदम उसळले. “मला निदान सांगायचं होतंस! मी तुला डावीकडे वळ म्हणून ओरडत होतो. काही झालं असतं तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवलं असतं मी?” आठवडाभर ते तिच्याशी नीट बोलले नाहीत. निवड झाली. धनश्रीच्या जागी कामरेजची एक पोरगी गेली. ती चांगली खेळायची, हेच जास्त झोंबलं.

रंजनाला तिने हॉस्पिटलातून परतली त्याच दिवशी सगळं सांगितलं. रंजना भडकली. “म्हणजे माझ्याशी पण खोटं बोललीस!” असं म्हणून उठून गेली. दिवाळी झाल्यावर मात्र ती एका सकाळी फिजिओ विभागात आली, धनश्रीच्या शेजारच्या मॅटवर बसली आणि पायाला रबराचा पट्टा बांधू लागली. “बोलू नकोस माझ्याशी,” ती म्हणाली, “फक्त मी किती वेळा केलं ते मोज.” धनश्रीने मोजलं.

घरी आईला कळलं तेव्हा प्रमिलाबाई एवढंच म्हणाल्या, “ते से व्हय! मी म्हनी राहिंतू, पोर नाचत काबर नही.” वडिलांनी मिलमध्ये वाटलेल्या पेढ्यांबद्दल काही काढलं नाही. त्यांनी घरच्या ओट्यावर एक जुनी सतरंजी चौघडी करून टाकली, म्हणजे उड्या मारताना पोरीच्या पायाला दणका बसू नये.

हिवाळा कष्टाचा गेला. एका पायावर उठायचं, बसायचं, पायरी चढायची, उतरायची, उतरताना आरशात गुडघा सरळ आहे का ते बघायचं. काही दिवस पाय ऐकायचा, काही दिवस बिलकुल ऐकायचा नाही. हॉस्पिटलातही एक बदल झाला. आता वृषाली मॅडम दोन पायांची तुलना करून थांबत नव्हत्या, चांगल्या पायाची आधीची उडीही समोर ठेवून बघत होत्या. होळीच्या सुमारास धनश्री पास झाली. या वेळी पेढे आणायचं तिला सुचलंच नाही. ती मॅटवर बसून राहिली आणि “मॅडम, पुन्हा एकदा मोजा,” म्हणाली. मॅडमनी पुन्हा मोजलं.

पहिला सामना स्थानिक होता, उधन्याच्या एका शाळेच्या मैदानावर. प्रमिलाबाई पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आल्या होत्या आणि पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. धनश्रीची भीती गेली नव्हती. मॅटवर पाय ठेवण्याआधी तिने डावा गुडघा दोनदा वाकवून पाहिला. दुसऱ्या चढाईत तिने हात लावला आणि विचार करायच्या आत ती डावीकडून वळली. पाय रुतला. अंग फिरलं. गुडघा अंगाबरोबर फिरला. पण रेषेवर पोचण्याआधीच तिघींनी तिला कमरेला धरून खाली पाडलं. वर आणखी एक येऊन पडली.

“माय वं!” असा प्रमिलाबाईंचा आवाज तेवढा ऐकू आला. महेश सर शिट्टी तोंडात धरून अर्धे उठले होते.

पोरी एकेक करून बाजूला झाल्या. धनश्री हातावर जोर देऊन उठली, डाव्या पायावर भार टाकून उभी राहिली आणि मॅटबाहेर चालत गेली. ती बाद झाली होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.